शोकाची तारीख कोण ठरवते?

कोकणातल्या बेने इस्रायल समाजाने आपल्या सणांना अस्सल मराठी नावे दिली होती. ज्यू पंचांगातील अव महिन्याच्या नवव्या दिवसाला ते 'बिरड्याचा सण' म्हणत. नाव खाण्याचे असले तरी दिवस शोकाचा. जेरुसलेमचे मंदिर बाबिलोनने इसवी सनपूर्व ५८६ मध्ये आणि रोमनांनी इसवी सन ७० मध्ये पाडले, त्या दोन्हींची आठवण या दिवशी उपवास करून, जमिनीवर बसून केली जाते.

मग साठ लाख ज्यूंच्या हत्याकांडाचा शोक कोणत्या दिवशी करायचा? इस्रायलच्या धर्मगुरूंनी तेवेत महिन्याच्या दहाव्या दिवसाचा जुना उपवास सुचवला. संसदेला मात्र शोकासोबत प्रतिकारही स्मरणात हवा होता. वॉर्सा घेट्टोतील उठाव १९ एप्रिल १९४३ रोजी, वल्हांडण सणाच्या पूर्वसंध्येला सुरू झाला होता. सणाच्या दिवशी शोक कसा पाळणार? म्हणून १९५१ मध्ये सणानंतरचा २७ निसान निवडला गेला आणि १९५९ मध्ये त्याचा कायदा झाला. निसान महिन्यात शोक निषिद्ध, असा आक्षेप धार्मिक लोकांनी घेतला. अनेक कर्मठ ज्यू आजही हा दिवस पाळत नाहीत.

त्यानंतर आठवडाभराने सैनिकांचा स्मृतिदिन येतो आणि त्याच संध्याकाळी स्वातंत्र्यदिनाचा जल्लोष सुरू होतो. संहार, बलिदान, राष्ट्र, असा हा क्रम आहे. पंचांगातूनच इतिहासाचा अर्थ शिकवला जातो.

या क्रमात एका आठवणीला जागा नाही. १९४८ च्या युद्धात सात लाखांहून अधिक पॅलेस्टिनी बेघर झाले. ते १५ मे हा 'नकबा', म्हणजे महासंकटाचा दिवस पाळतात. एकाचा विजय आणि दुसऱ्याचा विध्वंस, दोन्ही एकाच घटनेतले.

दोन आठवणी एका तारखेत मावू शकतात, हे आपल्याला मोहरमने शिकवले आहे. मदिनेतील ज्यू हजरत मूसांच्या सुटकेबद्दल आशुराचा रोजा ठेवत. पैगंबरांनी (स.) तो स्वतः ठेवला व ठेवायला सांगितला, असे हदीस सांगते. पुढे हिजरी सन ६१ मध्ये त्याच दिवशी करबला घडले. कृतज्ञतेचा रोजा आणि हुसैन यांचा शोक, दोन्ही टिकले.

म्हणूनच साठ लाखांचे दुःख मान्य केल्याने पॅलेस्टिनींचे दुःख हलके होत नाही, हे आपण मुसलमानांनी म्हटले पाहिजे. आणि नकब्याचे दुःख मान्य केल्याने त्या साठ लाखांचा अपमान होत नाही, हे इस्रायलनेही.