केडगावच्या विहिरी आणि देवावरचा भरवसा

जव्हार आणि मोखाडा ह्या पालघर जिल्ह्यातील डोंगराळ मुलुखात पाऊस थोडा पडतो, असे कोणीही म्हणणार नाही. आषाढ-श्रावणांत तेथील ओढे दुथडी भरून वाहतात आणि डोंगरउतारांवर नागली व वरई हिरवी होते. तथापि ते सारे पाणी खडकावरून धावत खाली निघून जाते आणि वैशाखात वारली, कोकणा, कातकरी व ठाकूर यांच्या पाड्यांवरील बायकांना हंडाभर पाण्यासाठी दूरच्या झऱ्याची वाट धरावी लागते. पीक हाती आले की कित्येक कुटुंबे वीटभट्ट्यांवर मजुरीला जातात. अशा प्रदेशात देवावर भार टाकून जगणे ही केवळ पोथीतली गोष्ट राहत नाही. ती रोजच्या चुलीशी येऊन भिडते. मग प्रश्न असा उभा राहतो की, देवावर भार टाकणे म्हणजे हात जोडून बसणे की हात चालविणे? ‘असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी’ ही म्हण आपल्या लोकांनी आळशी माणसाची थट्टा करण्यासाठीच योजली आहे. परंतु खरा भरवसा कशास म्हणावे, हे ती सांगत नाही. सह्याद्रीच्या पलीकडे, पुणे जिल्ह्यातील केडगावच्या कोरड्या माळावर, एका ख्रिस्ती बाईने ह्या प्रश्नाचे उत्तर आपल्या आयुष्याने दिले. ती बाई म्हणजे पंडिता रमाबाई.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे व्युत्पन्न गृहस्थ असून, पत्नीला आणि मुलीला संस्कृत शिकविण्याचे धैर्य त्यांनी दाखविले. हे कुटुंब तीर्थोतीर्थी हिंडे, देवळांत पुराण सांगे आणि श्रद्धाळू लोक जे पुढे ठेवतील त्यावर निर्वाह करी. देवावरचा त्यांचा विश्वास लटका नव्हता. पुढे दक्षिणेत दुष्काळ पडला, तेव्हा जवळ होते-नव्हते ते त्यांनी देवकार्यात आणि दानधर्मात वेचले, उपास केले, जप केले. अखेर वडील, आई आणि थोरली बहीण अशी तिघे त्या हालांत एकामागून एक गेली.

ह्या प्रसंगाविषयी रमाबाईंनी १९०७ साली आपल्या आत्मनिवेदनात जे लिहिले, ते विचार करण्यासारखे आहे. जातीच्या आणि विद्वत्तेच्या अभिमानामुळे एखादा हातधंदा शिकण्याइतके आपण खाली वाकलो नाही. वाकलो असतो तर कदाचित आईबापांचे प्राण वाचले असते, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. केवळ दैवाला बोल लावून त्या थांबल्या नाहीत. भक्तीला श्रमाची जोड नसली म्हणजे काय होते, हे त्यांनी कोवळ्या वयात पाहिले होते. पुढील सर्व आयुष्यावर त्या अनुभवाची छाया आहे.

भावाबरोबर पायी प्रवास करीत त्या १८७८ साली कलकत्त्यास पोहोचल्या. तेथील पंडितांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ ह्या पदव्या दिल्या. पण १८८० मध्ये भाऊ गेला आणि १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी हेही गेले. लहानग्या मनोरमेला घेऊन त्या इंग्लंडला गेल्या आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. महाराष्ट्रात ह्या गोष्टीचा मोठा गवगवा झाला. अमेरिकेतील हितचिंतकांनी दहा वर्षे साहाय्य देण्याचे मान्य केल्यावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस विधवांसाठी ‘शारदा सदन’ उघडले. १८९० मध्ये ते पुण्यास आले. सदनात धर्माच्या बाबतीत कोणावर सक्ती व्हावयाची नाही, असे ठरले होते. परंतु रमाबाईंच्या खाजगी प्रार्थनेस मुली बसू लागल्या, तेव्हा ‘केसरी’ने कडक टीका केली आणि १८९३ साली रानडे व भांडारकर यांच्यासारख्या स्नेह्यांनीही सल्लागार मंडळातून अंग काढून घेतले. बाईंची बाजू अशी की, आपली प्रार्थना आपण दार लावून करणार नाही. विरोधकांची बाजू अशी की, निराधार मुलीचे मन आश्रयदात्याकडे सहज झुकते, तेव्हा तेथे अधिक जपावयास हवे. ह्या दुसऱ्या आक्षेपात तथ्य नाही असे म्हणता येत नाही, आणि दुष्काळात पोरकी झालेली मुले आश्रमात आली तेव्हा तो पुन्हा पुन्हा निघाला.

ह्याच सुमारास रमाबाईंच्या वाचनात ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलर यांचे चरित्र आले. म्युलर यांनी १८३६ पासून अनाथगृहे चालविली. आपली गरज कोणापुढे न मांडता ती केवळ प्रार्थनेत देवापुढे ठेवावयाची, असा त्यांचा नेम होता. हडसन टेलर यांचे चीनमधील कार्यही त्याच पद्धतीचे. परदेशात जे होते ते हिंदुस्थानात का होऊ नये, हा विचार बाईंच्या मनात घर करून बसला. इतक्यात १८९६-९७ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतातील उपाशी मुलींची दैना पाहताच आपले बाळपण त्यांच्या डोळ्यांपुढे उभे राहिले आणि शेकडो मुलींना त्या घेऊन आल्या. पुण्यात प्लेग होता. म्हणून मुलींना केडगावच्या शेतावर नेले. त्याच शेतावर ‘मुक्ती सदन’ उभे राहिले. अमेरिकेची दहा वर्षांची मुदतही संपत आली होती. माणसे वाढली होती आणि ठरलेल्या उत्पन्नाची हमी उरली नव्हती.

१९०० साली कसोटीचा काळ आला. गुजरातेतही दुष्काळ पसरला आणि मुक्तीत सुमारे एकोणीसशे माणसे जमली. शिवाय शंभरावर गुरे होती. पाऊस नव्हता. रमाबाई लिहितात की, दोन विहिरींचे पाणी दररोज संपूर्ण उपसले जाई, संध्याकाळी तळ दिसे आणि उद्या काय, ही विवंचना पडे. परंतु सकाळी पुन्हा पाणी आलेले असे. श्रद्धावानाला ह्यात देवाचा हात दिसेल, भूगर्भशास्त्रज्ञ जमिनीतील झऱ्याकडे बोट दाखवील. त्या वादात शिरण्याचे कारण नाही. लक्षात घ्यावयाची गोष्ट ही की, त्या विहिरी आपोआप झाल्या नव्हत्या. त्या खणविल्या होत्या, बांधविल्या होत्या, आणि पाणी रात्री झिरपले तरी पहाटे दोर ओढणारे हात माणसांचेच होते.

मुक्तीचा दिनक्रमही तसाच होता. प्रार्थनेची घंटा होई, आणि मुली शेतात, गोठ्यात, मागावर व छापखान्यात कामाला लागत. वडिलांच्या घरी जो हातधंदा कमीपणाचा वाटला, तोच येथे विद्येच्या बरोबरीने शिकविला गेला. वाट चुकलेल्या स्त्रियांसाठी ‘कृपा सदन’ निघाले. आंधळ्या मुलींना मनोरमाबाई ब्रेल लिपी शिकवीत. पैसा आकाशातून पडला, असेही नाही. बाई आश्रमाचे वृत्त छापून देशोदेशी पाठवीत आणि दूरच्या साध्या माणसांच्या देणग्या येत. देव देतो तो माणसांच्या हातून देतो, हे त्यांना ठाऊक होते.

म्हणून दुःखाने त्यांना सोडले, असे मात्र झाले नाही. ज्या मुलीच्या हाती कार्य सोपवावयाचे ती मनोरमा १९२१ च्या जुलैत आईच्या आधी गेली. बायबलाचे सोप्या मराठीत, मूळ भाषांवरून चालविलेले भाषांतर बाईंनी तरीही सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचा अंत झाला, आणि मुक्तीच्या छापखान्यातून तो ग्रंथ १९२४ मध्ये पूर्ण बाहेर पडला.

रमाबाईंच्या भरवशाचा अर्थ ‘संकट येणार नाही’ असा नव्हता. आईबापांच्या मरणाने ती आशा पूर्वीच मावळली होती. उद्याच्या पाण्याची खात्री नसताना आज दारी आलेल्या भुकेल्या मुलीला परत न पाठविणे, हा तो अर्थ होता. जव्हार-मोखाड्याच्या उतारावर फुटका बांध पुन्हा घालणाऱ्या शेतकऱ्याला हा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. पाऊस आपल्या हातचा नाही हे तो जाणतो, आणि बांध आपल्या हातचा आहे हेही जाणतो.