निष्क्रिय स्नायूंतील तंतुकणिका-संधारण : लिंगभेद

अंथरुणाला खिळणे, प्लास्टर किंवा अंतराळवास यांमुळे वापर थांबलेल्या स्नायुपेशी आपल्या तंतुकणिका (मायटोकॉन्ड्रिया; पेशीतील ऊर्जानिर्मितीचे घटक) ज्या रीतीने टिकवतात, तीत स्त्री-पुरुषांत आढळणारा फरक.

अशा निष्क्रियतेच्या अभ्यासासाठी मागचे पाय अधांतरी ठेवलेल्या उंदरांचे प्रतिमान १९७०च्या दशकात नासाच्या एम्स केंद्रात विकसित झाले. प्रयोग दीर्घकाळ मुख्यतः नरांवरच झाले, ही या क्षेत्रातील मोठी उणीव होय. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी २०१६ पासून लिंग हा जैविक घटक विचारात घेण्याची अपेक्षा ठेवली.

वापर थांबताच पीजीसी-१ अल्फा हे प्रथिन घटून नव्या तंतुकणिकांची निर्मिती मंदावते, असलेल्या तंतुकणिकांचे विखंडन वाढते आणि क्रियाशील ऑक्सिजन-रेणू साचतात. निकामी तंतुकणिका हेरून त्यांची विल्हेवाट लावण्यात पिंक-१ व पार्किन प्रथिनांचा वाटा असतो (→ स्वभक्षण). स्त्रियांच्या स्नायूंत तंतुकणिकासमृद्ध, मंद आकुंचनाचे तंतू सरासरीने अधिक असतात. इस्ट्रोजेन अल्फा-ग्राहीमार्फत तंतुकणिकांची गुणवत्ता राखण्यास मदत करते (→ इस्ट्रोजेन). तरीही काही प्रयोगांत माद्यांचे स्नायू नरांपेक्षा अधिक झिजले. त्यामुळे हे संरक्षण निष्क्रियतेत पुरेसे ठरतेच असे मानता येत नाही.

शस्त्रक्रियेनंतरचे पुनर्वसन, रजोनिवृत्तीनंतरची स्नायुझीज आणि अंतराळवीरांचा व्यायाम यांच्या आखणीत हा भेद महत्त्वाचा आहे (→ रजोनिवृत्ती, स्नायुक्षय).