खर्जाला आवाज कसा मिळाला



भजनाला बसण्यापूर्वी पखवाजवाला डाव्या तोंडाला ओली कणीक का थापतो, हे तुम्हाला सांगायला नको. कातड्यावर वजन आले की ते सावकाश हलते आणि आवाज खाली उतरतो. खालचा आवाज हवा असेल तर काहीतरी मोठे, काहीतरी जड हलवावे लागते. टाळ तळहातावर मावतो. ढोल मात्र कमरेला बांधून छाती पुढे काढून चालावे लागते. आज मी तुम्हाला जी हकीगत सांगणार आहे ती एका परदेशी वाद्याची आहे, पण तिच्या मुळाशी हीच कणकेची गोष्ट आहे.

हे वाद्य म्हणजे बास गिटार. रॉक संगीताच्या ताफ्यात बहुधा एक गाणारा, एकदोन गिटारवाले, एक ड्रमवाला आणि एक बास वाजवणारा असतो. बासवाल्याचे काम खर्ज सांभाळण्याचे. तो थांबला तर काय गेले हे सामान्य श्रोत्याला चटकन सांगता येत नाही, पण गाण्याखालची जमीन सरकल्यासारखे त्याला वाटते. आता तालुक्याच्या गावीही कॉलेजातली मुले असे ताफे काढतात, आणि 'बासला कोणता अॅम्प्लिफायर घ्यावा' हा प्रश्न घेऊन एखाद्या शिक्षकाकडे येतात. दुकानदार वॉटचा आकडा सांगतो, मुले आकड्याला भुलतात. या आकड्याचा अर्थ काय, हे ज्यांनी आधी ठेचा खाल्ल्या त्यांच्या इतिहासावरून चांगले कळते.

बास गिटारच्या आधी डबल बास होते. माणसाहून उंच असे हे व्हायोलिनच्या घराण्यातले वाद्य उभे राहून वाजवतात. मुंबईच्या चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदांतही ते वाजत असे. अमेरिकेत १९३० नंतरच्या काळात नाचाचे वाद्यवृंद मोठे झाले, पितळी वाद्ये वाढली, आणि एवढे धिप्पाड वाद्य असूनही बासवाल्याचा आवाज मागे बसलेल्यांपर्यंत जाईना. एव्हरेट हल नावाचा न्यूयॉर्कचा एक वादक होता. त्याने डबल बास ज्या खुंटीवर जमिनीला टेकते तिच्यावर, वाद्याच्या पोटात, लहानसा ध्वनिग्राहक बसवला आणि १९४६ साली त्याचा धंदा सुरू केला. इंग्रजीत खुंटीला 'पेग' म्हणतात. आवाज वाढवलेला पेग, म्हणून नाव पडले 'अॅम्पेग'. पुढे हे एका मोठ्या कारखान्याचे नाव झाले.

दुसरा माणूस कॅलिफोर्नियातला. लिओ फेंडर हा मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा. फुलरटन गावी १९३८ साली त्याने रेडिओ-दुरुस्तीचे दुकान काढले. ज्यांनी जुने रेडिओसंच पाहिले आहेत त्यांना व्हॉल्व्ह आठवत असतील: बटण फिरवल्यावर हळूहळू तांबूस उजळणाऱ्या काचेच्या नळ्या. त्याच व्हॉल्व्हच्या विद्येतून फेंडरने गिटारचे अॅम्प्लिफायर केले. १९५१ साली त्याने गिटारसारखे गळ्यात अडकवण्याजोगे विजेचे बास बाजारात आणले आणि १९५२ साली त्याच्या जोडीला 'बासमन' हा अॅम्प्लिफायर. त्यात पंधरा इंचांचा एक स्पीकर होता आणि शक्ती सुमारे २६ वॉट. नाचाच्या लहान दिवाणखान्याला ती पुरे. काही वर्षांत त्याने एका स्पीकरऐवजी दहा इंचांचे चार बसवले. गंमत अशी की हा सुधारलेला बासमन बासवाल्यांपेक्षा गिटारवाल्यांनाच अधिक आवडला. त्यांच्या हाती तो मोठ्याने गाई. खर्ज मात्र जोरात छेडला की तो घोगरा होई.

असे का व्हावे? इथे शिक्षकबंधुभगिनींनी फळ्याजवळ यावे. साध्या गिटारची सर्वांत खालची तार सेकंदाला सुमारे ८२ वेळा कंप पावते. बास गिटारची खालची तार ४१ वेळा, म्हणजे बरोबर एक सप्तक खाली. तेवढाच दाब हवेत उठवायचा असेल तर एक सप्तक खाली गेल्यावर स्पीकरच्या पडद्याला चौपट अंतर मागेपुढे हलावे लागते. त्यात आपला कान असा पक्षपाती, की खालचे सूर त्याला मुळात कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन या दोघा संशोधकांनी १९३३ साली हे मोजून दाखवले. म्हणून गिटारला जेवढी शक्ती पुरते तेवढ्यात बासचे भागत नाही.

आणखी एक हिशेब आहे, आणि सारी मेख त्यातच आहे. वॉट दुप्पट केले म्हणजे आवाज दुप्पट झाला असे कानाला वाटत नाही. दुप्पट वॉटांनी तीन डेसिबल वाढतात, म्हणजे थोडासा फरक जाणवतो. कानाला आवाज दुप्पट वाटायचा तर वॉट दहापट करावे लागतात. म्हणजे १०० वॉटच्या जागी २०० वॉटचा घेतला तर पैसे पुष्कळ जास्त गेले आणि आवाज जरासा वाढला, असे होते.

आता इंग्लंडात जाऊ. लंडनच्या पश्चिम भागात हॅनवेल येथे जिम मार्शल हा ड्रमवादक वाद्यांचे दुकान चालवी. १९६२ च्या सुमारास त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी फेंडरच्या बासमनवरूनच आपला अॅम्प्लिफायर बेतला. त्याच्या गिऱ्हाइकांत 'द हू' या ताफ्याचा बासवाला जॉन एंटविसल होता. ताफ्याचा ड्रमवाला कीथ मून असा काही बडवी, की एंटविसलला आपले वाद्य आपल्यालाच ऐकू येईना. त्याने बारा इंचांच्या चार स्पीकरांचा मार्शलचा खोका घेतला. मग गिटारवाला पीट टाऊनशेंड मागे पडला, म्हणून त्यानेही घेतला. मग शंभर वॉटची मागणी आली. टाऊनशेंडला आठ स्पीकरांचा एकच खोका हवा होता. तो इतका जड झाला की हमालांनी हात टेकले. शेवटी चार-चारचे दोन खोके एकावर एक रचण्याची पद्धत पडली. ती आजही व्यासपीठांवर दिसते. शेजारच्या शेतात मोटार बसली म्हणून आपणही मोठी बसवायची, तशातलीच ही चढाओढ होती. आणि विहिरीचे पाणी म्हणजे इथे माणसाचे कान होते.

एवढे करूनही ती साधने किती अपुरी होती ते १५ ऑगस्ट १९६५ रोजी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर दिसले. बीटल्सच्या कार्यक्रमाला सुमारे ५५,६०० लोक जमले. प्रत्येक गिटारमागे शंभर वॉटचे व्हॉक्स अॅम्प्लिफायर, गाण्यासाठी मैदानाचे स्वतःचे कर्णे, आणि समोर हजारो मुलींचा आरडाओरडा. वादकांना एकमेकांचे सूर ऐकू येईनात. ड्रमवाला रिंगो स्टार पुढच्यांच्या हालचाली पाहून गाणे कुठवर आले ते ओळखी. पुढच्याच वर्षी, १९६६ च्या ऑगस्टमध्ये, बीटल्सनी दौरे कायमचे थांबवले. त्यामागे कारणे अनेक होती, पण आपलेच वादन ऐकू न येणे हे त्यांतले एक.

अॅम्पेगच्या एव्हरेट हलला हा गोंगाट कधीच रुचला नाही. स्वच्छ, निर्मळ सूर हेच त्याचे दैवत. १९६७ मध्ये त्याने कारखाना विकला. त्यानंतर दोनच वर्षांत, १९६९ साली, त्याच कारखान्यातून 'एसव्हीटी' निघाला: चौदा व्हॉल्व्ह, ३०० वॉट, आणि जोडीला दहा इंचांच्या आठ स्पीकरांचा खोका. त्या वर्षीच्या अमेरिकेच्या दौऱ्यावर रोलिंग स्टोन्सनी त्याचे पहिले नमुने वापरले. नुसत्या यंत्राचे वजन ३५ किलोंहून जास्त. खोक्याला तर वादक 'फ्रिज' म्हणू लागले.

मुलांना एक गणित घाला. स्पीकरचे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. पंधरा इंचांचा एक स्पीकर म्हणजे २२५. दहा इंचांचे आठ म्हणजे ८००. साडेतीनपटीहून अधिक हवा ढकलायला मिळाली. २६ वॉटचे ३०० वॉट झाले, म्हणजे यंत्राची शक्ती साडेअकरा पट वाढली. नुसत्या तेवढ्याने कानाला आवाज जेमतेम दुप्पट लागला असता. बाकीचे काम त्या खोक्याने केले. आकड्याच्या मागे लागणाऱ्याला खोका विसरून चालत नाही, तो असा.

याच सुमारास आणखी एक बदल झाला. १९६९ च्या वुडस्टॉक महोत्सवात बिल हॅन्लीने उभारलेल्या मोठ्या ध्वनियंत्रणेने उघड्या माळावरच्या प्रचंड जनसमुदायापर्यंत संगीत पोचवले. पुढे बासचा आवाज एका लहानशा डबीतून तारेने थेट मुख्य यंत्रणेकडे नेण्याची रीत रूढ झाली. म्हणजे मैदान भरण्याचे ओझे बासवाल्याच्या अॅम्प्लिफायरवरून उतरले. त्याने स्वतःला आणि ड्रमवाल्याला ऐकू येण्याइतका आवाज दिला तरी पुरे. ट्रान्झिस्टरने वजन घटवले, आणि २००० नंतरच्या दशकात 'क्लास डी' नावाच्या पद्धतीने तर कमाल केली: तीन किलोंच्या आत पाचशे वॉट. एसटीच्या फळीवर ठेवून नेता येईल असे यंत्र.

तर मग कोणता घ्यावा? पहिली गोष्ट, आपला ड्रमवाला किती जोरात वाजवतो ते पाहा; बासची लढाई त्याच्याशी आहे. जोरकस ताफ्याला, बाहेरची यंत्रणा नसेल तर, ढोबळ मानाने तीनशे ते पाचशे वॉट लागतात. हे वॉट कान फोडण्यासाठी नसून सूर फाटू नये म्हणून हाताशी ठेवायचे. बैल एक क्विंटल ओढत असला तरी चढावासाठी अंगात बळ शिल्लक लागते, तसे. दुसरी गोष्ट, पैसे उरले तर जादा वॉटपेक्षा चांगल्या खोक्यात घाला. तिसरी, ओहमचा आकडा वाचा. आठ ओहमचे दोन खोके जोडले की चार ओहम होतात. यंत्राला तेवढे झेपते असे मागे लिहिलेले असेल तरच जोडा. व्हॉल्व्हचा अॅम्प्लिफायर तर स्पीकर जोडल्याशिवाय कधी वाजवू नये, नाहीतर आतला ट्रान्सफॉर्मर जळण्याचा धोका. चौथी, ऐकू येत नाही म्हणून खर्जाचे बटण पिळत बसू नका. खर्ज दहा डेसिबल वाढवला की यंत्राकडे दहापट शक्ती मागितली जाते. मधल्या सुरांचे बटण थोडे वाढवा. बास गर्दीतून वर येतो.

आणि शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. ३१ मे १९७६ रोजी लंडनच्या चार्लटन मैदानावर 'द हू'चा आवाज व्यासपीठापासून ३२ मीटरांवर १२६ डेसिबल भरला, आणि गिनेस बुकात त्याची नोंद झाली. पुढे कानांना अपाय होतो म्हणून त्या बुकाने असली नोंद ठेवणेच सोडले. एंटविसलची श्रवणशक्ती पुढे फार खालावली. टाऊनशेंडने आपले कान गेल्याचे जाहीरपणे सांगितले आणि तरुण वादकांना सावध केले. तज्ज्ञांचा हिशेब असा, की ८५ डेसिबल आवाजात आठ तास चालतील. दर तीन डेसिबलांना ही मुदत निम्मी होते. १०० डेसिबलला ती पंधरा मिनिटांवर येते. कानाच्या आतले बारीक तंतू एकदा मेले की पुन्हा उगवत नाहीत. तेव्हा तालमीला बसताना कानात बोळे घाला, आणि यंत्र खुर्चीवर ठेवून कानाच्या दिशेने वळवा. पायाशी ठेवलेला अॅम्प्लिफायर गुडघ्यांना ऐकू येतो, आणि मग माणूस उगाच बटण वाढवतो.

आपल्याकडेही मुंबईच्या रंगभवनात १९८६ पासून रॉकचे मोठे मेळे भरत. जवळ रुग्णालये आणि महाविद्यालये असल्यामुळे शांतता क्षेत्राच्या नियमाने ते तिथून उठले. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिवर्धक वाजवता येत नाही, हे मुलांना आधीच सांगून ठेवावे.

पखवाजवाला कणीक अंदाजाने लावतो; जास्त झाली तर बोल बसका येतो, कमी झाली तर खर्ज उतरत नाही. थोडी लावायची, थाप मारून ऐकायचे, मग पुन्हा थोडी. तुमच्या विद्यार्थ्यांना दुकानात हाच रस्ता सांगा: आपले वाद्य बरोबर न्यावे, शक्य तर ड्रमवाल्याला न्यावे, आणि वॉटचा आकडा वाचण्याआधी ऐकून पाहावे.