तर्काची पाटी आणि तिचा केर

शाळेत भूमितीचा रायडर सोडवताना आपण पाटी कशी वापरत असू, ते जरा आठवून पाहा. एक वाट धरायची, चार ओळी लिहायच्या. वाट चुकली, की त्या पुसून जिथे फाटा फुटला होता तिथे परत यायचे.

संगणकाची प्रोलॉग नावाची भाषा अशीच चालते. १९७२ साली फ्रान्समधील मार्सेय येथे कोल्मरोएर आणि रूसेल यांनी ती घडवली. तिच्यामागच्या तर्कविचारात एडिंबरोच्या कोवाल्स्की यांचा मोठा वाटा. इथे यंत्राला नियम सांगायचे आणि प्रश्न विचारायचा. यंत्र एक वाट धरते, अडले की मागे फिरते आणि त्या वाटेवर व्यापलेली जागा एका फटक्यात मोकळी होते. पाटी पुसण्याचे काम जणू फुकटात!

मग अडले कुठे? गंमत अशी, की यंत्र चुकले तर पाटी पुसली जाई. बरोबर चालत राहिले, की भरत जाई. डेव्हिड वॉरन व सहकाऱ्यांनी १९७७ साली एडिंबरोत डेक-१० यंत्रासाठी प्रोलॉगचा कम्पायलर केला, तेव्हा एका कामाला जागा मिळे ती फार तर २,६२,१४४ यंत्रशब्दांची. त्यांनी पाटीचे भाग पाडले. एकात तात्पुरती टिपणे, दुसऱ्यात उत्तराला लागणाऱ्या रचना, आणि तिसऱ्यात मागे फिरताना काय काय कोरे करायचे याची यादी.

दुसरा भाग तरीही भरतच जाई. तिथला केर काढणे भागच होते. केर काढण्याची युक्ती मॅकार्थी यांनी लिस्प भाषेसाठी १९६० सालीच प्रसिद्ध केली होती: जिच्यापर्यंत पोहोचता येते ती वस्तू ठेवा, बाकीची जागा मोकळी करा. पण प्रोलॉगमध्ये पेच होता. आत्ता निरुपयोगी दिसणारी ओळ मागे फिरल्यावर लागू शकते; म्हणून न चाचपलेल्या वाटांकडेही विचारणा करावी लागते. शिवाय उरलेल्या ओळींचा क्रम मोडला, तर फाट्यापुढचे सगळे एकदम पुसायचे कसे?

वॉरन यांनी १९८३ साली प्रोलॉगसाठी एक कल्पित यंत्र मांडले. त्या यंत्रासाठी क्रम राखून केर काढण्याची रीत अ‍ॅपलबी, कार्लसन, हरिदी आणि साहलिन यांनी १९८८ साली सविस्तर सांगितली.

शुद्ध तर्काला जागेची चिंता नसते, यंत्राला असते. काय विसरले तर चालेल, हे नेमके ठरवता आले, म्हणूनच कागदावरचा तर्क यंत्रावर लांबचा पल्ला गाठू शकला.