शेतावरच्या शेडसाठी एअर कॉम्प्रेसर : कमी खर्चात योग्य निवड

किन्हवली, शहापूर, मुरबाड पट्ट्यात भातलावणीचे दिवस मोजकेच असतात. त्याच दिवसांत ट्रॅक्टरच्या चाकाची हवा गेली किंवा एअर फिल्टर चोंदला, तर बाजाराच्या गावी जाऊन येण्यातच अर्धा दिवस जातो. घराजवळच्या शेडमध्ये छोटा कॉम्प्रेसर असेल तर हा वेळ वाचतो. मात्र घेताना बहुतेक जण टाकी किती लिटरची आणि मोटर किती एचपीची एवढेच विचारतात. कॉम्प्रेसर तुमच्या कामाला पुरेल का, हे या दोन आकड्यांवरून कळत नाही. तो मिनिटाला किती हवा देतो, यावरून ते ठरते.

टाकी ही पाण्याच्या हौदासारखी असते आणि मिनिटाची हवा ही विहिरीच्या झऱ्यासारखी. झरा बारीक असेल तर हौद कितीही मोठा बांधला तरी तो एकदा रिकामा झाला की थांबावेच लागते.

आधी काम ठरवा

- फक्त चाकांत हवा भरणे : २५ लिटर टाकीचा छोटा कॉम्प्रेसर पुरतो. चाके दोन-चारच असतील तर बॅटरीवर चालणारा १२ व्होल्टचा पंपही चालतो. तो हळू भरतो, पण शेतात नेता येतो आणि सर्वांत स्वस्त पडतो.
- फिल्टर, रेडिएटर, मळणी यंत्र साफ करणे : हे काम थांबत थांबत होते, त्यामुळे टाकीतला साठा उपयोगी पडतो. ५० लिटर टाकी सोयीची.
- नट खोलायचा हवेचा पाना, रंगाची लहान गन : साधारण ४ ते ६ सीएफएम हवा लागते. १ सीएफएम म्हणजे मिनिटाला सुमारे २८ लिटर.
- हवेवरचा ग्राइंडर : हा सतत भरपूर हवा खातो. त्यासाठी मोठा कॉम्प्रेसर घेण्यापेक्षा विजेवरचा ग्राइंडर घ्या.

दुकानातच करा ही चाचणी

पाटीवर लिहिलेला सीएफएमचा आकडा बहुधा पिस्टनच्या आकारावरून काढलेला असतो. लहान कॉम्प्रेसरमधून प्रत्यक्ष मिळणारी हवा त्याच्या साधारण दोन तृतीयांश धरा. खात्री करायची असेल तर टाकी पूर्ण रिकामी करा, कॉम्प्रेसर सुरू करा आणि मोबाईलवर वेळ मोजा.

टाकीचे लिटर × वाढलेला दाब (किलोमध्ये) ÷ लागलेली मिनिटे = मिनिटाला लिटर हवा

उदाहरणार्थ, ५० लिटरची टाकी शून्यापासून ८ किलोपर्यंत ४ मिनिटांत भरली, तर ५० × ८ ÷ ४ = १००. म्हणजे मिनिटाला सुमारे १०० लिटर, साडेतीन सीएफएम. हवा भरायला आणि साफसफाईला एवढी पुरते. रंगकाम मात्र मध्ये मध्ये थांबून करावे लागेल.

कोणता प्रकार घ्यावा?

थेट मोटरला जोडलेला, तेलाचा कॉम्प्रेसर स्वस्त आणि हलका असतो. तो वेगाने फिरतो, त्यामुळे आवाज जास्त आणि लवकर तापतो. रोज थोडा वेळ वापरायला तो ठीक. बिनतेलाच्या कॉम्प्रेसरला देखभाल कमी लागते आणि रंगात तेल उतरत नाही. पट्ट्याचा (बेल्टचा) कॉम्प्रेसर महाग आणि जड असतो, पण कमी वेगाने चालतो, जास्त टिकतो आणि त्याची दुरुस्ती सोपी असते. गटाने मिळून किंवा अवजारे बँकेसाठी घेत असाल तर पट्ट्याचाच घ्या.

वीज तपासल्याशिवाय घेऊ नका

२ एचपीची सिंगल फेज मोटर चालू असताना साधारण १० अँपिअर घेते. सुरू होताना क्षणभर याच्या कित्येक पट ओढते. संध्याकाळी दाब कमी असतो तेव्हा शेडमधल्या सॉकेटवर व्होल्टेज मोजा. २०० च्या खाली जात असेल तर मोटर नुसती घुमते आणि कपॅसिटर किंवा वाइंडिंग जळण्याची भीती असते. अशा ठिकाणी १ एचपीचा कॉम्प्रेसर बरा.

१६ अँपिअरचा सॉकेट, एमसीबी आणि चांगले अर्थिंग हवे. लांब, बारीक एक्स्टेन्शन वायर लावू नका. वायर लांबवण्यापेक्षा हवेचा पाईप लांबवा. शेतीपंपाची वीजजोडणी पंपासाठीच असते, तिच्यावर कॉम्प्रेसर चालवू नका.

वापरताना दाब किती?

- चाकाचा दाब यंत्राच्या पुस्तिकेप्रमाणेच ठेवा. ट्रॅक्टरचे टायर रिमवर बसवताना ३५ पौंडांपेक्षा जास्त हवा भरू नका आणि टायरसमोर उभे न राहता बाजूला राहा.
- कागदी एअर फिल्टर २ किलोपेक्षा (सुमारे २८ पौंड) कमी दाबाने, आतून बाहेर फुंका. जास्त दाबाने कागद फाटतो आणि धूळ थेट इंजिनात जाते.
- रेडिएटर पंख्याच्या बाजूने पुढच्या दिशेला, कमी दाबाने साफ करा.
- एका वाणाचे भात मळून झाल्यावर दुसरे घेण्याआधी मळणी यंत्राच्या कोपऱ्यांतले दाणे हवेने काढा. बियाणे ठेवणाऱ्यांना भेसळ टाळण्यासाठी याचा मोठा उपयोग होतो.
- फवारणी पंपाचे नोझल तोंडाने कधीही फुंकू नका. पाण्याने धुऊन मग हवेने साफ करा.
- अंगावरची धूळ कॉम्प्रेसरने उडवू नका.

पावसाळ्यात टाकी सांभाळा

पावसाळ्यातल्या दमट हवेत एका घनमीटरला सुमारे २५ ग्रॅम पाणी असते. वरच्या उदाहरणातला कॉम्प्रेसर तासभर चालला तर ६ घनमीटर हवा, म्हणजे १५० ग्रॅम पाणी आत जाते. त्यातले बरेचसे टाकीच्या तळाशी साचते. ते काढले नाही तर टाकी आतून गंजते, पत्रा पातळ होतो आणि एक दिवस दाबाखाली फुटते. बाहेरचा रंग तेव्हाही चांगलाच दिसतो. म्हणून काम संपल्यावर दाब कमी करून रोज खालचा नळ उघडा.

जुना कॉम्प्रेसर घेताना या नळातून तांबडे, गढूळ पाणी आले किंवा टाकीला वेल्डिंगचे ठिगळ दिसले, तर कितीही स्वस्त असला तरी सोडून द्या. गॅसचा जुना सिलिंडर टाकी म्हणून जोडू नका. शेतातला पीव्हीसी पाईप हवेसाठी वापरू नका, तो फुटला की तुकडे गोळीसारखे उडतात.

पैसे देण्यापूर्वी

१. ठरलेल्या दाबावर मोटर आपोआप बंद होते का? बंद होताना ‘फुस्स’ आवाज येतो का? तो आला नाही तर पुढच्या वेळी मोटरवर भार राहतो.
२. सेफ्टी व्हॉल्व्हची कडी ओढल्यावर हवा सुटते का?
३. मोटर बंद ठेवून दहा मिनिटांत काटा खाली येतो का?
४. पाईप, दाब नियंत्रक, पाणी अडवणारा फिल्टर आणि चाकाचा गेज किमतीत धरले आहेत का?
५. व्हॉल्व्ह, रिंग, प्रेशर स्विच शहापूर, मुरबाड किंवा कल्याणला मिळतात का?

खरेदी मेपर्यंत उरका. शेडमध्ये बसवताना पेंढा आणि तुसापासून लांब, कोरड्या व वारा खेळेल अशा जागी ठेवा.