बर्नार्ड क्रिबिन्स : छोट्या पडद्यावरचा गोष्टीवेल्हाळ

आल्फ्रेड हिचकॉक यांच्या 'फ्रेन्झी' या थरारपटात १९७२ मध्ये एका खडूस दारूगुत्तेवाल्याची भूमिका केलेला नट दुसऱ्याच वर्षी कचरा वेचणाऱ्या केसाळ बाहुल्यांना आवाज देऊ लागला. बालप्रेक्षकांसाठीचे काम म्हणजे उमेदवारीची पायरी, असे मानण्याचा प्रघात सर्वत्र आहे. ब्रिटिश विनोदी अभिनेते बर्नार्ड क्रिबिन्स यांची कारकीर्द हा त्या प्रघाताला मोठा अपवाद ठरली.

क्रिबिन्स यांचा जन्म २९ डिसेंबर १९२८ रोजी इंग्लंडमधील ओल्डहॅम या कापडगिरण्यांच्या गावी झाला. लहान वयातच शाळा सुटली आणि गावातील नाट्यसंस्थेत त्यांनी पडेल ते काम केले. मध्यंतरी सक्तीच्या लष्करी सेवेत छत्रीधारी सैनिक म्हणून ते पॅलेस्टाईनमध्येही होते. १९५६ मध्ये लंडनच्या रंगभूमीवर त्यांनी शेक्सपिअरच्या 'कॉमेडी ऑफ एरर्स'मधील दोन्ही जुळे नोकर एकट्यानेच साकारले. एकाच गळ्यातून अनेक माणसे उभी करण्याचे हे कसब पुढे आयुष्यभर उपयोगी पडले.

१९६२ मध्ये 'होल इन द ग्राउंड' आणि 'राइट सेड फ्रेड' या त्यांच्या विनोदी गाण्यांनी ब्रिटनमध्ये पहिल्या दहांत स्थान मिळविले. निर्माते होते जॉर्ज मार्टिन. तेच, ज्यांचे नाव लवकरच 'बीटल्स'शी कायमचे जोडले गेले. 'कॅरी ऑन' मालिकेतील चित्रपट आणि 'फॉल्टी टॉवर्स'मधला हॉटेलमालकाचा जीव नकोसा करणारा किरकिऱ्या पाहुणा (१९७५) याही त्यांच्या गाजलेल्या भूमिका.

तथापि त्यांचे खरे घर म्हणजे बीबीसीचा 'जॅकानोरी' हा कार्यक्रम. १९६५ मध्ये सुरू झालेल्या या कार्यक्रमाची रचना अगदी साधी होती. एक नट, एक खुर्ची, काही चित्रे आणि पंधरा मिनिटांची गोष्ट. नेपथ्य नाही, सहकलाकार नाहीत. सारी भिस्त आवाजावर. क्रिबिन्स यांनी याचे शंभराहून अधिक भाग केले. ते कॅमेऱ्याकडे पाहत आणि लाडिक सूर न लावता समोरच्या मुलाशी बरोबरीच्या नात्याने बोलत. मुलांसमोर उगाच बोबडे होणाऱ्या निवेदकांच्या गर्दीत हे वेगळेपण उठून दिसे.

'द वॉम्बल्स' (१९७३-७५) या पाच-पाच मिनिटांच्या ६० भागांच्या बाहुलीपटात लंडनच्या विम्बल्डन माळावरील सगळ्या वॉम्बल्सचे आवाज एकट्या क्रिबिन्स यांचे होते. लोकांनी टाकलेल्या वस्तूंपासून उपयोगी चिजा बनविणारे हे प्राणी, 'पुनर्वापर' हा शब्द रुळण्याआधीच घराघरांत पोहोचले.

'द रेल्वे चिल्ड्रन' (१९७०) या चित्रपटातील हमाल पर्क्स ही त्यांची सर्वांत लक्षात राहिलेली भूमिका. मुले गावभर फिरून पर्क्सच्या वाढदिवसासाठी भेटी जमवितात आणि त्याला ती भीक वाटते. तोवर हसविणारा हा माणूस एकाएकी दुखावतो, संतापतो. देणाऱ्यांच्या मनात दया नसून आदर होता, हे कळल्यावरच तो निवळतो. गरिबाच्या स्वाभिमानाचा हा पेच बालचित्रपटात इतक्या गांभीर्याने क्वचितच आला असेल. विनोदी नटाच्या हाती तो सोपविण्याचे श्रेय स्वतः अभिनेते असलेल्या दिग्दर्शक लायोनेल जेफ्रीज यांचे.

उतारवयात नशिबाने त्यांना पुन्हा साथ दिली. 'डॉक्टर हू'वर आधारित १९६६ च्या चित्रपटात काम केलेले क्रिबिन्स २००७ च्या नाताळ भागात एका वृत्तपत्रविक्रेत्याच्या छोट्या भूमिकेत झळकले. पुढे नायिकेच्या वडिलांची भूमिका करणाऱ्या हॉवर्ड अॅटफिल्ड यांचे निधन झाले आणि हाच विक्रेता तिचा आजोबा, विल्फ्रेड मॉट झाला. ऐंशीच्या उंबरठ्यावर त्यांना मुलांची नवी पिढी मिळाली. २००९ मध्ये बालदूरचित्रवाणीतील कामगिरीबद्दल 'बाफ्टा'चा विशेष पुरस्कार आणि २०११ मध्ये 'ओबीई' हा किताब त्यांना लाभला. २०१३ पासून 'ओल्ड जॅक्स बोट' या मालिकेत ते निवृत्त कोळ्याच्या रूपात, शेजारी कुत्रा घेऊन, पुन्हा गोष्टी सांगू लागले.

२७ जुलै २०२२ रोजी, वयाच्या ९३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्याआधी चित्रित केलेला विल्फ्रेडचा अखेरचा प्रवेश २ डिसेंबर २०२३ रोजी प्रसारित झाला. तो भाग त्यांच्याच स्मृतीस अर्पण करण्यात आला होता.