बोली आपलीच राहू द्या

मैत्रिणींनो, इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेनं १९२१ साली बायकांना आपल्या मैदानांवर खेळायला बंदी घातली. ती जवळपास ५० वर्षं टिकली. त्याच देशात, लंडनच्या कष्टकरी वस्तीत, १९८४ साली ॲलेक्स स्कॉट जन्मली. आर्सेनल क्लबकडून खेळताना कमाईसाठी तिनं क्लबच्या पुरुष खेळाडूंचे कपडे धुतले. पुढं ती इंग्लंडसाठी १४० सामने खेळली. खेळता खेळता क्रीडा लेखन-प्रसारणाची पदवी घेतली आणि बीबीसीवर खेळांबद्दल बोलू लागली. २०२१च्या ऑलिंपिकवेळी एका माजी मंत्र्यानं तिच्या उच्चारांना नावं ठेवली. तिनं सुनावलं, मी कष्टकऱ्यांच्या घरची आहे आणि मला त्याचा अभिमान आहे.

तेव्हा संभाजीनगरकडच्या बायांनो, ‘आमची भाषा गावंढळ’ म्हणून माईकपासून मागं सरू नका.